दोन वाजताची रेघ : ऊन आणि वळवाच्या आठवड्यात घर, गोठा आणि खळं कसं सांभाळायचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजूला या दिवसांत हळदीचा हंगाम ऐन भरात असतो. कुकरवर हळद शिजतेय, खळं पिवळंधमक झालंय, गच्चीवर कुरडया वाळताहेत, आणि दुपारी एक वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तीनला झाडाचं पान हलत नाही. साडेचारला आभाळ काळंनिळं होतं, आणि पाचला शेजाऱ्याचा पत्रा आपल्या अंगणात येऊन पडतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. असे पाच-सहा दिवस ओळीनं निघतात.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी आणि विजेपासून कसं वाचावं, या दोन्हींच्या याद्या तुम्ही वाचल्या असतील. पण त्या दोन याद्या एकमेकींना काटतात. उन्हासाठी आपण काम संध्याकाळी चार-पाचवर ढकलतो, आणि वीज पडायची वेळ नेमकी तीच. उन्हासाठी जनावर लिंबाखाली बांधतो, वळवात तीच जागा सगळ्यात वाईट. पत्र्यावर कडबा टाकला की खोली गार राहते, वारं सुटलं की तोच कडबा गावभर. शेडनेट, उघड्या खिडक्या, गच्चीवरची झोप, सगळ्यांचं असंच. म्हणून आमच्या घरात एक साधा नेम आहे : दुपारी दोनपर्यंत उन्हाचे नियम, दोननंतर वळवाचे. आभाळ निरभ्र असलं तरी. खालच्या सगळ्या पायऱ्या या रेघेच्या अलीकडे-पलीकडे लावलेल्या आहेत.

पहिली पायरी : आठवडा ओळखायचा

ऊन आणि वळीव ही दोन संकटं नाहीत. सकाळचं ऊन हेच संध्याकाळच्या वळवाचं सरपण. जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. हवा कोरडी असेल तर एखादी वावटळ उठते, धुळीचा खांब रानातून पळतो आणि विषय संपतो. पण या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यावरून खाली कर्नाटकाकडे कमी दाबाचा एक लांबट पट्टा अधूनमधून तयार होतो. बातम्यांत त्याला ‘द्रोणीय रेषा’ नाहीतर ‘वाऱ्याची खंडितता’ म्हणतात. त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळे वारे येतात आणि समुद्राकडचं बाष्प आत ओढलं जातं. मग तीच तापलेली हवा बाष्प घेऊन दहा-बारा किलोमीटर उंच चढते. वर गोठते, विजा तयार होतात, कधी गारा. तेव्हा ‘मराठवाड्यावर द्रोणीय रेषा’ असं कानावर पडलं की पुढचे तीन-चार दिवस याच चक्राचे समजायचे.

अंदाज कुठं बघायचा? हवामान विभागाचा जिल्हावार इशारा रोज येतो. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आपला जिल्हा ‘मराठवाडा’ या उपविभागात आहे हे लक्षात ठेवा. मुंबई-पुण्याचा अंदाज ऐकून इथली हळद झाकण्यात अर्थ नाही. शेतीचा सल्ला परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर ठेवा. तुमच्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सांगतं. त्याला लोकेशनची परवानगी द्यावी लागते. ती न देता ‘ॲप काही कामाचं नाही’ म्हणणारे माझ्या घरातच दोघं आहेत.

उष्णतेच्या लाटेबद्दल एक गैरसमज काढून टाका. मैदानी भागात पारा किमान ४० अंश असावा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर असावा, किंवा सरळ ४५ ला टेकावा, तेव्हा खातं ‘लाट’ म्हणतं. आपल्याकडे एप्रिलअखेर ४१-४२ हे नेहमीचंच, म्हणून लाट जाहीर होत नाही. पण शरीराला सरासरी कळत नाही. शिवाय आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर दमट हवेत घाम वाळत नाही, आणि तेच ४० अंश कोरड्या ४२ पेक्षा जड जातात. जाहीर होण्याची वाट बघू नका.

दुसरी पायरी : एक सकाळ डागडुजीला द्या

आठवडा सुरू होण्याआधी एक सकाळ मोकळी काढा. सगळ्यात आधी शिडी लावून पत्र्यावर चढा, ऊन चढायच्या आत.

आपल्याकडे पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत आहे. ती मोडा. वाऱ्यानं पत्रा उचलला की दगड पत्र्याबरोबर उडतो आणि घसरून ज्याच्या डोक्यात पडायचा त्याच्या पडतो. वजन ठेवायचंच असेल तर वाळू अर्धी भरलेली पोती ठेवा आणि ती दोरीनं एकमेकांना बांधा. खरा इलाज मात्र हुकाचा आहे. प्रत्येक हुक हातानं हलवून बघा. नट ढिला असेल तर आवळा, रबराचा वायसर चिरलेला असेल तर बदला. वारा आत शिरतो तो कडेनं, म्हणून कडेच्या रांगेतला एकही हुक सोडू नका. मधला एखादा गेला तर पाणी गळेल, कडेचा गेला तर पत्राच जाईल.

उन्हासाठी पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकायची सवय असेल तर या आठवड्यापुरती ती बंद. त्याऐवजी पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. खोलीतला फरक बसल्याजागी जाणवतो, आणि उडून जायला काही राहत नाही.

गोठ्यावरची शेडनेट सुटसुटीत गाठीनं बांधा, म्हणजे दोन वाजता एका ओढीत गुंडाळता येईल. घट्ट ताणलेली नेट वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि बांबूसकट जाते. कडब्याच्या गंजीवर दोन बाजूंनी दोर टाकून टोकांना वजन बांधा. घरावर आलेली वाळकी फांदी छाटा. मात्र तारेजवळची फांदी स्वतः छाटू नका, ते काम महावितरणच्या माणसाचं.

राहिला कूलर. लोखंडी कूलरचा शॉक हे उन्हाळ्यातल्या मरणाचं अगदी फुकाचं कारण आहे, कारण ते टाळता येतं. अर्थिंग तपासून घ्या, तीन पिनांची पिन वापरा, आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढायची. पोरं ओल्या हातानं कूलरला टेकतात, म्हणून तो त्यांच्या खेळायच्या वाटेत नको.

तिसरी पायरी : सकाळ अकराला संपवायची

काम संध्याकाळवर ढकलायचं नाही, सकाळीच पुढं ओढायचं. साडेपाचला रानात, अकराला घरात. मजुरांशी आदल्या दिवशीच तसं बोलून ठेवा. लवकर येऊन लवकर सुटणं त्यांनाही परवडतं. संध्याकाळी चारला परत यायला लावू नका.

तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच करत नाही. म्हणून ते पाण्यावर न सोडता खाण्यात बसवा : सकाळी भाकरीसोबत ताक, दहाला मीठ घातलेलं लिंबूपाणी, घरी आलं की कैरीचं पन्हं. रिकाम्या पोटी नुसत्या चहावर रानात जाणारा माणूस पहिला पडतो. फार घाम गेला, गोळे आले, तर घरच्या घरी क्षारपाणी करा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. माप चहाच्या चमच्याचं. ‘अंदाजे’ घालू नका, मीठ जास्त झालं तर उलटा अपाय होतो. रक्तदाबाच्या, किडनीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी किती पाणी प्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं.

डोकं दुखणं, मळमळ, भरपूर घाम, गळून जाणं ही झाली ऊन लागल्याची खूण. सावली, पाणी, आडवं होणं, पाय थोडे उंच, एवढ्यानं माणूस तासाभरात सावरतो. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. तिथं मिनिटं मोजायची. १०८ ला फोन लावा आणि गाडी यायची वाट न बघता अंगावर पाणी ओता. कपडे सैल करा, पंखा लावा, ओली फडकी मानेवर, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही, कारण हा ताप तसल्या जातीचा नाही. कांदा फोडून नाकाशी धरण्यात वेळ घालवू नका.

जनावरांना वैरण सकाळी लवकर आणि रात्री, दुपारी फक्त पाणी, तेही चार-पाच वेळा. म्हशीला गाईपेक्षा ऊन जास्त लागतं. तिची कातडी काळी, आणि घामही कमी येतो. तिच्या अंगावर दुपारी दोनदा पाणी मारा.

चौथी पायरी : दोन वाजता खळं झाकायचं

हळद असेल तर हा भाग नीट वाचा. नसेल तर हळदीच्या जागी कांदा, भुईमूग, नाहीतर घरच्या कुरडया समजा.

शिजवून पसरलेली हळद वाळायला दहा ते पंधरा दिवस लागतात. हळकुंड मोडलं की टणकन आवाज आला पाहिजे, तोपर्यंत ती कच्ची. अर्धवट वाळलेल्या हळदीवर एक सर पडली की रंग जातो, बुरशी धरते, आणि बाजारात तिच्याकडं बघून व्यापारी तोंड वाकडं करतो. म्हणून पहिला निर्णय कुकरचा : पुढचे चार दिवस नारिंगी इशारा असेल तर नवीन हळद शिजवायला घालू नका. काढलेली कच्ची हळद सावलीत पाल्याखाली दोन-चार दिवस निघते. शिजलेली ओली हळद आणि वळीव यांची गाठ घालून द्यायची नाही.

रोज दीड वाजता पसरलेली हळद फावड्यानं ओढायला घ्या. ढीग गोल करू नका, लांबट करा, मधे पाठ उंच, घराच्या पाख्यासारखी. गोल ढिगावर ताडपत्रीला घड्या पडतात आणि घडीत पाणी साचतं. ढिगाच्या भोवती वीतभर खोल चर, उताराच्या बाजूला तोंड सोडून. पाणी वरून जेवढं नास करतं त्याहून जास्त खालून करतं. मग ताडपत्री टाका. कडा चराच्या पलीकडं जातील एवढी मोठी हवी, कडांवर वाळूची पोती, आणि पाठीवरून आडवे दोर टाकून खुंट्यांना बांधलेले. दोन माणसं असतील तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. सव्वादोनला खळ्यावर माणूस नको.

तीन वर्षांपूर्वी मी हे दोनला केलं नाही. आभाळ कोरं होतं, आणखी दोन तासांचं ऊन वाया घालवायचं जिवावर आलं. साडेतीनला थंड वाऱ्याचा झोत आला, ओल्या मातीचा वास आला, आणि आम्ही चौघं ताडपत्रीची चार टोकं धरून पळत होतो. वाऱ्यानं ताडपत्री उचलली ती भावाला घेऊनच, तो हातभर वर जाऊन आदळला. वीज बांधापलीकडच्या बाभळीवर पडली. हळद भिजली ती भिजलीच. त्या दिवशी आई म्हणाली, ‘हळद परत पिकंल रं.’ तेव्हापासून दोनची रेघ.

म्हणून एकदा गडगडलं की ताडपत्री जिथं आहे तिथं सोडायची. अर्धं झाकलेलं असलं तरी. गच्चीवरच्या कुरडयांचंही तेच. पाऊस येतोय म्हणून वाळवण काढायला गच्चीवर धावणारी बाई त्या क्षणी गावातल्या सगळ्यात उंच ठिकाणी उभी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडताच ताडपत्री काढा. आत घाम धरलेला असतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. आतून ऊबदार, चिकट लागलं तर ताबडतोब पातळ पसरा, दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर नको.

पाचवी पायरी : आभाळ वाचणं आणि विजेच्या वेळी वागणं

साधारण बाराच्या सुमारास आभाळात फुलकोबीसारखे पांढरे गड्डे वर चढताना दिसू लागले की दिवस वळवाचा आहे. त्या गड्ड्याचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा पसरला की ढग पिकला. त्यानंतर वारं एकदम पडतं, जीव घुसमटतो, आणि मग तो गार झोत येतो. मातीचा वास घेत उभं राहायचा मोह सगळ्यांना होतो. तो झोत म्हणजे पुढच्या पावसाची हवा, जमिनीवर आदळून पसरलेली. आत जा.

वीज पावसाबरोबरच पडते असं नाही. ती पावसाच्या आधी पडते, पाऊस थांबल्यावर पडते, मुख्य ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, डोक्यावर ऊन असतानाही पडते. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीननं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की तुम्ही टप्प्यात आहात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर निघायचं नाही. हा अर्धा तास सगळ्यात जड जातो, कारण पाऊस थांबलेला असतो आणि गारा वेचायला पोरं मोकाट सुटतात.

कुठं थांबायचं? भिंती आणि छत असलेलं पक्कं घर, नाहीतर काचा बंद केलेली जीप-कार. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड हा आसरा नव्हे. ट्रॅक्टर, मोटरसायकल नव्हे. एकटं झाड तर मुळीच नव्हे. वीज झाडावर पडते आणि तिथून माणसावर उडी घेते, किंवा जमिनीतून पसरते. जनावरं जास्त दगावतात ती याच कारणानं : पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून जमिनीतली वीज एका पायातून चढून अंगातून दुसऱ्या पायात उतरते. दोन वाजता गुरं लिंबाखालून सोडून गोठ्यात घ्यायची ती याचसाठी. तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका.

घरात असाल तर नळ, मोरी, खिडकीच्या सळया यांच्यापासून लांब. टीव्ही, फ्रिज, मोटरीच्या पिना काढून ठेवा, पण गडगडाट सुरू होण्याआधी. मोबाईलमुळं वीज ओढली जाते हे खरं नाही. चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावणं मात्र धोक्याचं, कारण वीज वायरीतून येते. आणि पायाळू माणसावर वीज पडते हे तर अजिबात खरं नाही. माझी चुलती पायाळू. तिनं जन्मभर वळवात घरात कोंडून घेतलं आणि ती सुखरूप राहिली, पण त्याला कारण पायाळूपण नव्हे, घर.

रानात अडकलातच, जवळ काहीच नाही, तर विहीर, पाइप, खांब, बांधावरची झाडं सोडून सखल जागी जा. हातातलं लोखंड टाका. घोळका करू नका, पांगा. केस उभे राहताहेत, अंगाला मुंग्या येताहेत असं वाटलं तर पाय जुळवून, चवड्यांवर, गुडघ्यात डोकं घालून, कान झाकून बसा. आडवं पडू नका. हा शेवटचा इलाज आहे, आसरा सोडून करायचा नव्हे.

कुणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही. हात लावायला घाबरू नका. श्वास आणि नाडी नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल. १०८ वरचा माणूस येईपर्यंत दाबणं थांबवू नका. विजेनं हृदय बंद पडलेला माणूस या दाबण्यानं परतू शकतो. त्याला शेणात ठेवण्यात, मातीत पुरण्यात ही मिनिटं घालवली तर परतत नाही.

सहावी पायरी : वळीव ओसरल्यावर

अंधारात बाहेर पडताना बॅटरी जमिनीवर मारत चला. तार पडलेली असेल तर ती मेलेली आहे असं कधीच धरू नका. ओल्या जमिनीत दहा पावलं लांबूनही झटका बसतो. १९१२ ला कळवा, आणि जनावरं-पोरं तिकडं जाणार नाहीत असं बघा.

रात्री कूलर लावून उकडत असेल तर तो बिघडलेला नाही. हवा ओली असताना पाण्याचा कूलर गारवा देत नाही, दमटपणा वाढवतो. पंप बंद करा, नुसता पंखा चालू द्या, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. गच्चीवर झोपायचं तर नऊनंतर आभाळ बघून, आणि लखलखाट दिसला की अंथरूण तिथंच टाकून खाली.

नुकसान झालं असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा : पडलेला पत्रा, भिजलेला ढीग, आडवी बाग, लांबून एक आणि जवळून एक. तलाठी आणि कृषी सहायक यांना तोंडी सांगून थांबू नका, अर्ज लिहून पोच घ्या. पीकविमा असेल तर त्या हंगामाच्या अधिसूचनेत गारपीट, काढणीनंतरचं नुकसान धरलंय का ते आधीच वाचून ठेवा. नियम वर्षागणिक बदलतात आणि कळवायची मुदत तासांत असते. जनावर दगावलं तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन झालं पाहिजे, नाहीतर मदतीची फाईल तिथंच अडते. माणूस गेला तर वारसाला सरकारकडून चार लाख रुपये मिळतात, त्यालाही पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. हे सांगताना जीभ अडखळते, पण दुःखात घरचे हेच विसरतात.

वळवानं रान ओलं झालं की वखर घालायला हरकत नाही, ढेकळं छान फुटतात. पेरायचं मात्र नाही. ही ओल वरवरची असते, चार दिवसांच्या उन्हात उडून जाते. पेरणीसाठी मोसमी पावसाचे ७५ ते १०० मिलिमीटर पडू द्या.

आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम ताडपत्रीचं. सात वाजता दोर सोडले की पिवळ्या ढिगातून वाफ वर येते, कच्च्या हळदीचा दमट वास अंगणभर पसरतो. तेव्हा फावडं घ्या. दोन वाजायला सात तास आहेत.